मागची खोली लेकरांची

३० ऑक्टोबर २०१७, सोमवार

दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी सांगितलं आहे की रोज चार ओळी लिहा, हाताची थरथर कमी होईल. मनात येईल ते लिहा, कोणी वाचणार नाही, असंही म्हणाल्या. रुपालीनं दोनशे पानी वही आणली. एवढी पानं कशानं भरायची, हे मी तिला विचारलं नाही.

यवतमाळहून सुटी होऊन आज अठरा दिवस झाले. डाव्या डोळ्यानं बरं दिसतं, उजव्यानं सगळं धुक्यात असल्यासारखं. फवारणीचं औषध डोळ्यात गेलं, छातीत गेलं. बारा दिवस खाटेवर होतो. शेत आमचं नव्हतं, आमच्यासारख्या कोणाचंच नसतं. मी रोजानं फवारणी करणारा माणूस.

रुपाली सकाळी सातला कापूस वेचायला जाते. उर्वशी साडेचार वर्षांची आहे, विक्की पावणेदोनचा. आधी ती दोघांनाही सोबत न्यायची, शेताच्या धुऱ्यावरच्या झाडाला झोळी बांधायची. आता म्हणते, "तुमी घरीच हाये तर लेकरं तुमच्यापाशी राहू द्या. तेवढाच मले आधार." उर्वशी दुपारपर्यंत अंगणवाडीत असते. बाकी दिवसभर दोघंही माझ्याजवळ.

दहा वाजेपर्यंतच थकतो. चार ओळींपेक्षा जास्त झालं. हात दुखतो.

१ नोव्हेंबर, बुधवार

आज विक्की मागच्या खोलीत गेला. मी भाकर मोडून देत होतो, पाठ फिरली आणि तो गेला. तिथं पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचा ढीग आहे, फवारणीचे दोन पंप आहेत, औषधाच्या रिकाम्या बाटल्या आहेत. तो खाली बसून एका बाटलीचं झाकण चोखत होता.

मी धावलो, उंबरठ्याला अडखळून पडलो, तसाच गुडघ्यांवर गेलो. तोंडात बोट घालून झाकण काढलं, तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. खांद्यावर टाकून गावातल्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी डोळे पाहिले, छाती पाहिली, दोन तास बसवून ठेवलं आणि घरी पाठवलं. त्याला काही झालं नाही. झाकण कोरडं होतं. धुतलेलं होतं की नव्हतं ते मला आठवत नाही.

रुपाली आल्यावर सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. चुलीपुढं बसून राहिली. मग म्हणाली, "ते खोली रिकामी करा. लेकरायले खेळाले करून देऊ."

"बाटल्या काढून टाकल्या म्हणजे झालं. सारी खोली कायले?"

"करा म्हटलं तर करा. तुमच्या हाताले बी काम होईन."

३ नोव्हेंबर, शुक्रवार

पऱ्हाट्या बाहेर काढल्या. खाली दोन विंचू निघाले. बाटल्यांना रुपालीनं मला हात लावू दिला नाही. "तुमाले वास सोसत नाई," म्हणाली. स्वतः तोंडाला फडकं बांधून, हातात पिशव्या चढवून तिनं त्या फोडल्या आणि गावाबाहेर, विहिरीपासून लांब खड्डा करून पुरल्या. एक बाटली अर्धी भरलेली होती. तिचं काय केलं विचारलं तर म्हणाली, "तुमाले काय करा लागते?"

दोन पंपांपैकी एक माझा आणि एक माझ्यासोबत फवारणाऱ्या रूपसिंगचा. त्याचा तांडा दूर पडतो म्हणून तो पंप इथंच ठेवायचा. रुपालीनं दोन्ही पोत्यात घालून बसंतीबाईच्या माळ्यावर टाकले. बसंतीबाई म्हणजे शेजारची.

आणखी एक गोष्ट दिसली. न्हाणीत पाणी घ्यायला आम्ही जे भांडं वापरतो ते औषधाचाच डबा कापून केलेलं आहे. मीच केलं होतं, तीन वर्षांपूर्वी. त्याच डब्यानं दोन्ही लेकरांना आंघोळ घातली. धुतला होता, साबणानं धुतला होता. पण आज हातात घेतला आणि बसूनच राहिलो.

६ नोव्हेंबर, सोमवार

उभं राहून खोली पाहिली तर चांगली दिसते. पण मला नीट दिसत नाही म्हणून खाली बसलो आणि हातानं चाचपत गेलो. मग वाटलं, विक्की असाच फिरतो. म्हणून गुडघ्यांवर रांगत भिंतीच्या कडेकडेनं पूर्ण चक्कर मारली.

चार खिळे निघाले, सगळे माझ्या मांडीच्या उंचीवर, म्हणजे त्याच्या डोळ्यांपाशी. खिडकीच्या पत्र्याची कड पात्यासारखी आहे. बटणाचा बोर्ड एका स्क्रूवर लोंबतो आणि मागं उघडी तार आहे. कोपऱ्यात उंदराचं बीळ. दाराच्या बिजागरीच्या फटीत माझंच बोट सापडलं, तेव्हा कळलं की लेकरांचं किती सहज सापडेल. इतकी वर्षं या खोलीत ये-जा केली, यातलं काहीच दिसलं नव्हतं.

उर्वशी अंगणवाडीतून आली आणि माझ्या मागं रांगायला लागली. तिच्या मागं विक्की. दोघं हसत होती. मला हसू आलं नाही, पण थांबलोही नाही.

९ नोव्हेंबर, गुरुवार

खिळे काढले. बीळ बुजवलं. पत्र्याच्या कडेवर सायकलची जुनी ट्यूब चिरून बसवली. तीच ट्यूब दाराच्या चौकटीला ठोकली, म्हणजे दार आपटलं तरी बोट चेंगरत नाही. वायरमन येऊन बोर्ड वर, माझ्या डोक्याइतका उंच करून गेला.

झोका बांधायचं मनात होतं. वरचं आडवं लाकूड, मयाल, मजबूत आहे. दोर शोधला तर घरात कुठंच नाही. विहिरीचा जुना दोर होता, झोळीचा होता. रुपालीला विचारलं.

"दोर कायले पायजे?"

"झोका बांधतो लेकरायले."

"झोका नोको."

"काहून? खाली मऊ टाकतो नं मी."

"नोको म्हटलं नं. पडन लेकरू." एवढं बोलून ती पाणी आणायला गेली. हंडा भरलेला होता.

दाराची आतली कडीही काढून टाका म्हणाली, लेकरं आत अडकतील. ते मला पटलं. कडी काढली. मग म्हणाली, पुढच्या खोलीचीही काढा. त्या कडीला लेकरांचा हात पोचत नाही. तरी काढली. आजकाल तिच्याशी वाद घालायला जीव होत नाही.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

चार दिवस लिहिलं नाही. अंगात ताकद नव्हती. दुपारी पडलो की उठवत नाही.

आज एका भिंतीला चुना दिला. दुसऱ्या भिंतीचा खालचा भाग कोळसा आणि शेण कालवून काळा केला, खडूनं लिहायला. पंक्चरवाल्यानं मोटारसायकलचे तीन टायर तसेच देऊन टाकले. त्यांना उर्वशीच्या सांगण्यावरून पिवळा, निळा आणि पुन्हा पिवळा रंग दिला. लाल नको म्हणे. पोत्यांची तोंडं कापून, एकाला एक शिवून लांब बोगदा केला. शिवणं रुपालीचं, सुई ओवायला मला जमत नाही.

शनिवारी रुपाली ओच्यात कवडी घेऊन आली होती. बोंडअळीनं खाल्लेला पिवळट, चिकट कापूस, त्याला कोणी विचारत नाही. यंदा दुसऱ्या वेचणीतच अर्धी कवडी निघून राह्यली. तिच्या गाद्या करू म्हणाली. तीन दिवस उन्हात टाकली तर त्यातून गुलाबी अळ्या निघाल्या. उर्वशीनं त्या मोजल्या आणि कोंबड्यांना दिल्या.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

लिहू की नको असं झालं आहे. पण कोणी वाचत नाही.

सकाळी फळी ठोकत होतो, लेकरांच्या डब्यांचं दुकान मांडायला. हात अचानक थरथरला आणि हातोडी सुटली. विक्की खाली बसला होता. त्याच्या पायापासून चार बोटांवर पडली. तो रडलाही नाही, हातोडी उचलायला लागला.

मला वाटलं, या घरात सगळ्यात धोक्याची वस्तू मीच आहे. खिळा काढता येतो.

उर्वशीला अंगणवाडीला सुटी होती. तिला म्हटलं, विक्कीजवळ बस. आणि निघालो. कुठं जायचं ते ठरवलं नव्हतं. नाल्याच्या बंधाऱ्यावर जाऊन बसलो. पाणी भरपूर आहे अजून. किती वेळ बसलो ते माहीत नाही.

मागून चपलेचा आवाज आला. उर्वशी होती. विक्कीला एका हातानं ओढत आणलं होतं, त्याच्या एकाच पायात चप्पल. मधे रस्ता लागतो, त्यावर ट्रॅक्टर चालतात. मी ओरडलो तिच्यावर. "घरी बस म्हटलं होतं नं तुले?"

"तू एकटा काहून आला?" ती म्हणाली. "मी थांब थांब म्हणत होती. तू पायलंच नाई."

विक्कीनं दोन्ही हात वर केले. त्याला उचललं आणि परत निघालो. तीन जागी टेकावं लागलं. एवढंसं लेकरू, पण मला जड झालं.

आईला सांगू नको म्हणून उर्वशीला सांगितलं. तिनं हो म्हटलं नाही.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज रुपाली वेचणीला गेली नाही. पाठ दुखते म्हणाली. भर हंगामात ती तापातही खाडा करत नाही. दिवसभर माझ्यासोबत खोलीत काम केलं, गाद्या भरल्या, जमीन सारवली, फळीही तिनंच ठोकली. एकदाही पाठीला हात लावलेला दिसला नाही. निंबाचा पाला लावून देऊ का विचारलं तर म्हणाली, आता बरं वाटते.

२२ नोव्हेंबर, बुधवार

खोली झाली.

खाली गाद्या, वर वाकळ. भिंतीशी टायर. पोत्यांचा बोगदा. दुकानात रिकामे डबे, मापं, बाजूला चिंध्यांचे चेंडू, सगळं विक्कीच्या तोंडात जाणार नाही इतकं मोठं. पाण्याच्या ड्रमला झाकण, झाकणावर दगड. दाराच्या खालच्या भागाला आडवी फळी, ती मला ओलांडता येते, विक्कीला नाही.

दोघं सकाळपासून तिथंच होती. विक्की बोगद्यात शिरला आणि मधेच झोपला. मी बाहेर फळीला टेकून बसलो होतो. लोक म्हणतील, छान केलं. बसंतीबाई तसं म्हणालीही. मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला असेल, कळला नाही. फक्त पाय दुखले.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

रुपालीनं आज न विचारता एक लेकरू आणलं. रूपसिंगची जमनी, तीन वर्षांची. संगीता, म्हणजे रूपसिंगची बायको, रुपालीच्याच टोळीत वेचायला येते. पोरीला ठेवायला जागा नाही म्हणे. दोघींनी सकाळी तिला दारात सोडलं. संगीता आत आली नाही. मीही बाहेर गेलो नाही.

हे कधीतरी लिहावंच लागणार होतं. रूपसिंग आणि मी सहा हंगाम सोबत फवारलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्याला यायचं नव्हतं. जमनीला फ्रॉक घ्यायला बाजारात जायचं होतं. मी तांड्यावर जाऊन म्हटलं, चल बावा, दोघं असलो तर दुपारपर्यंत उरकते, मग जाजो. वारा उलटा होता. पऱ्हाटी डोक्याच्या वर होती. दुपारपर्यंत उरकलं नाही. यवतमाळला आमच्या खाटा शेजारी होत्या. पाचव्या दिवशी त्याची खाट रिकामी झाली.

जमनी सकाळभर फळीच्या अलीकडं उभी होती. "याडी," म्हणत होती, म्हणजे आई. कान अगदी त्याचे आहेत. दुपारी उर्वशीनं तिला हात धरून आत नेलं.

६ डिसेंबर, बुधवार

पांढरे कपडे घालून विहारात जाऊन आलो. दोन महिन्यांनी इतक्या लोकांत गेलो. सगळे तब्येत विचारतात. बरी आहे म्हणतो.

घरी आल्यावर दाराबाहेर चपला काढत होतो. आत उर्वशी जमनीला खोलीचे नियम सांगत होती. अंगणवाडीच्या बाईंसारखा आवाज काढून.

"टायरवर एकानंच चढाचं. खडू खायाचा नाई. विक्की रडला का बाबाले सांगाचं. आन बाबा बाहेर गेला का आपण बी मागं जायाचं."

"काहून?" जमनीनं विचारलं.

"आई म्हणते, बाबाले एकट्याले सोडू नोको. मी मोठी हाये नं, म्हणून माया कामच हाये ते."

मला हसू आलं, पोरीला मोठेपणाची हौस आहे म्हणून. मग तिथंच उभा राहिलो. दोर आठवला. कड्या आठवल्या. ती अर्धी बाटली. रुपालीची दुखलेली पाठ. बराच वेळ चपला हातात धरून उभा होतो.

रुपाली आली तेव्हा चहा करून दिला. विचारायचं होतं. ती बशीत फुंकर घालत होती. बोंडांच्या टोकांनी तिची बोटं चिरलेली आहेत. विचारलं नाही.

१२ डिसेंबर, मंगळवार

आज संगीता जमनीला न्यायला एकटीच आली. रुपाली किराणा घ्यायला थांबली होती. जमनी बोगद्यातून निघायला तयार नव्हती, म्हणून संगीताला आत यावं लागलं. ती गादीच्या कडेवर बसली. मी पाणी दिलं. तिनं घेतलं.

मी म्हटलं, "वहिनी, त्या दिवशी तो येत नव्हता. मीच बोलावून नेलं होतं."

"मले माहीत हाये, भीमराजभाऊ. त्यायनंच सांगतलं होतं दवाखान्यात."

दोन महिने मी ही गोष्ट सांभाळून ठेवली होती. आणि तिला पहिल्यापासून माहीत होती.

"लय राग होता तुमचा," ती म्हणाली. "रुपालीले मी तोंडावर म्हटलं, तुया माणूस वाचला अन् माया गेला. दुसऱ्या दिवशी मले उठवत नव्हतं, तर माया वाटचा कापूस तिनंच वेचून देला."

"आता राग हाये काय?"

ती जमनीकडं पाहत होती. जमनी डब्याच्या मापानं विक्कीला खोटं तेल देत होती.

"आता थकली मी, भाऊ. रागाले बी ताकद लागते." मग उठता उठता म्हणाली, "थे पोट्टी घरी एक शब्द बोलत नव्हती. आता तांड्यावर जाऊन सांगते, आमच्या खोलीत निळा टायर हाये म्हणून. उद्या बी आणीन तिले. तुमी राहसान नं घरी?"

"राहीन," मी म्हटलं.

ती थांबली होती उत्तरासाठी. नुसतं विचारायचं म्हणून विचारलं नव्हतं.

२१ डिसेंबर, गुरुवार

आता पाच लेकरं आहेत. तांड्यावरची अजून एक आणि बसंतीबाईचा नातू. नाकं पुसण्यातच दिवस जातो. आज दोघांनी एकमेकांना चावलं. हात थरथरतो, पण वाटी धरता येते. संध्याकाळी इतका थकतो की काही मनात यायला जागाच उरत नाही. हे बरं की वाईट ते समुपदेशक बाईंना विचारायचं आहे.

९ जानेवारी २०१८, मंगळवार

वेचणी संपली. फरदडीत, म्हणजे शेवटी राखलेल्या पिकात काहीच उरलं नाही, सगळी बोंडं अळीनं पोकळ केली. लोक उभ्या पऱ्हाटीत रोटाव्हेटर घालून राह्यले. रुपालीची टोळी आज दुपारीच परत आली.

ती दारात आली तेव्हा तोंड उतरलं होतं. कपाळाला हात लावला तर गरम लागलं. "काई नाई, दोन मिनिटं टेकते," म्हणाली आणि फळी ओलांडून लेकरांच्या खोलीत गेली. गादीवर उताणी पडली. विक्कीनं तिच्या पोटावर डबे रचायला सुरुवात केली. तिसरा डबा ठेवेपर्यंत ती झोपली होती.

इतक्या महिन्यांत मी तिला अशी झोपलेली पाहिली नव्हती. घरी आल्यापासून मी नुसता उठलो तरी तिला जाग यायची. कुठी, म्हणून विचारायची. दिवसा असो, पहाटे असो. मी म्हणायचो, पाणी प्यायला. मग ती परत डोळे मिटायची, पण झोपायची नाही, ते मला कळायचं. मला खोकल्यासारखी एक सवयच लागली होती, उठण्याआधी आपणच सांगायची.

आज मी काही न सांगता उठलो. अंगणात गेलो, फडकं ओलं केलं, पिळलं, परत आलो आणि तिच्या कपाळावर ठेवलं. तिनं डोळे उघडले नाहीत. थोड्या वेळानं पुन्हा गेलो, पुन्हा ओलं करून आणलं. मग बसंतीबाईला लेकरांजवळ बसवलं आणि चौकातल्या दुकानातून तापाच्या गोळ्या आणल्या. उर्वशी मागं आली नाही. ती दुकान मांडून बसली होती, गिऱ्हाईक सोडून तिला येता येत नव्हतं.

संगीता जमनीला न्यायला आली. तिनं आत पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं आणि जमनीला तसंच कडेवर घेऊन गेली.

पाच वाजता रुपाली जागी झाली. बाहेरचं ऊन पाहून दचकली. "काहून नाई उठवलं?"

"झोपली होती तू."

"अन् तुमी?"

"इथंच होतो. मधे गोळ्या आणाले गेलतो."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं आता विचारेल, कोणासोबत गेला, किती वेळ गेला. तिनं गोळी घेतली, पाणी प्यायली आणि परत कूस बदलली.

मी तिच्या पायांवर वाकळ टाकली आणि लेकरांना म्हटलं, हळू खेळा.